फाईल पोचते, मराठी हरवते
खास प्रतिनिधी

मालगुंड (जि. रत्नागिरी) : केशवसुतांचा जन्म १८६६ मध्ये या गावी झाला. १९०५ मध्ये हुबळी येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या कवितांचा संग्रह निघालेला नव्हता. हरि नारायण आपटे यांनी तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. कवीच्या पश्चात बारा वर्षांनीही कागदावरची अक्षरे कोणालाही वाचता येत होती, म्हणून ते शक्य झाले. याच गावातील एखाद्या कवीने १९९८ च्या सुमारास संगणकावर उतरवलेली कविता आज ई-मेलला जोडून मुंबईच्या संपादकाकडे पाठवली, तर ती वाचता येईलच अशी खात्री देता येत नाही. फाईल पोचते, उघडतेही. पण पडद्यावर उमटतो तो रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता.

असे झाले की दोष ई-मेलला दिला जातो आणि तीच फाईल पुन्हा पाठवली जाते. वस्तुतः येथे दोन निरनिराळे प्रश्न आहेत : एक पाकिटाचा, दुसरा पाकिटातील मजकुराचा. पहिला जगाने केव्हाच सोडवला. दुसरा मात्र मराठीत अजून शिल्लक आहे.

पाकिटाचा प्रश्न

ई-मेलची मूळ यंत्रणा इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून आखलेली होती. १९८२ मध्ये ठरलेल्या एसएमटीपी नियमांत सात बिटांची, म्हणजे अवघी १२८ चिन्हे गृहीत धरली होती. त्यामुळे चित्र असो वा दस्तऐवज, त्याचे आधी साध्या अक्षरांत रूपांतर करावे लागे. युनिक्सवाल्यांची पद्धत यूयूएन्कोड, तर मॅकिंटॉशवाल्यांची बिनहेक्स. एकाची फाईल दुसऱ्याला उघडेना. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाईन आणि नेड फ्रीड यांनी मांडलेल्या ‘माइम’ या प्रमाणाने हा गोंधळ बराचसा मिटवला. त्यातील बेस-६४ पद्धतीत दर तीन बाइटांमागे चार अक्षरे होतात. फाईलचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. पण ती जशी निघाली तशीच पोचते.

मजकुराचा प्रश्न

मराठीची अडचण याच्या पुढची आहे. भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे प्रमाण १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक उभारणारी कोकण मराठी साहित्य परिषदही १९९१ चीच. म्हणजे प्रमाण उपलब्ध होते. पण छपाईच्या व्यवसायाने सोयीचा मार्ग धरला. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट आले आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी राहिली. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढाच असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ही पाच इंग्रजी अक्षरेच दिसणार. येथे ई-मेलने काहीही बिघडवलेले नाही. फाईलमध्ये मुळात मराठी नव्हतेच.

रोगाप्रमाणे उपाय

म्हणून आधी निदान हवे. पडद्यावर अक्षरे-आकड्यांच्या सारख्या लांबीच्या ओळी दिसल्या, तर बेस-६४ चे रूपांतर उलगडलेले नाही. पत्र दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहावे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ए’ दर दोन-तीन चिन्हांनंतर येत असेल, तर मजकूर युनिकोडचाच आहे. एन्कोडिंगच्या यादीतून यूटीएफ-८ निवडताच तो सरळ होतो. चौकोन दिसले, तर बहुधा केवळ फॉन्टची उणीव असते. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या असतील, तर अक्षरे वाटेतच नष्ट झालेली असतात; मूळ फाईल पुन्हा मागवण्यावाचून गत्यंतर नसते. आणि इंग्रजी अक्षरांची अर्थहीन जुळणी असेल, तर फॉन्टचे नाव विचारून कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये रूपांतर करावे.

हे रूपांतरही डोळे झाकून स्वीकारता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टंकावा लागे. युनिकोडमध्ये क्रम उलटा, उच्चाराप्रमाणे असतो. शिवाय ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे खोल घळी, हा भेद मराठीत लिपीनेच होतो. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेला कन्व्हर्टर येथे हमखास अडखळू शकतो. मराठी जाणणाऱ्या मुद्रितशोधकाला पर्याय नाही, तो यासाठीच.

मजकुराचे पीडीएफ करून पाठवणे हा लोकप्रिय तोडगा आहे. त्याने आजचे काम भागते, पण पान केवळ दिसते. जुन्या फॉन्टमधील पीडीएफमध्ये शब्द शोधायला गेल्यास बहुधा तो सापडत नाही आणि मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की तोच गुंता उमटतो.

वेळ थोडा आहे

केंद्र सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण ठरवले. मोबाईलवर मराठी लिहिणाऱ्या पिढीला तर फॉन्टची ही कटकट ठाऊकच नाही. पण नियम पुढच्या मजकुराला लागू होतो, मागचा आपोआप बदलत नाही. १९९० च्या दशकापासून छोट्या प्रकाशकांनी, दिवाळी अंकांनी आणि साहित्यसंस्थांनी सीडींवर व जुन्या संगणकांवर साठवलेल्या मजकुराचा मोठा भाग असाच फॉन्टच्या कुलपात आहे. त्याच्या किल्ल्या म्हणजे ते फॉन्ट, ती सॉफ्टवेअर आणि कोणत्या फाईलला कोणता फॉन्ट वापरला हे सांगू शकणारे डीटीपी चालक. यांपैकी काहीही कायमचे टिकणारे नाही. प्रत्येक संस्थेने फाईलींची यादी करून, शेजारी फॉन्टचे नाव लिहून, मूळ प्रत न पुसता युनिकोड प्रत तयार करणे, एवढे काम आज करता येण्याजोगे आहे. आणखी काही वर्षांनी ते इतके सोपे राहणार नाही.