नोंदणीपूर्वीची सही

म्हसावद परिसरातील आम्हा काही वैद्यांचा औषधनिर्मितीची कंपनी काढण्याचा मनोदय आहे. नोंदणीआधीच ‘कंपनीकरिता’ गाळ्याचा व हिरडा-बेहडा खरेदीचा करार करावा, असा आग्रह होतो. तो मला धोक्याचा वाटतो. जन्मास न आलेली कंपनी करार करू शकत नाही. सही करणाराच देणेकरी ठरतो. इंग्लंडमध्ये १८६६ साली केल्नर विरुद्ध बॅक्स्टर खटल्यात भावी हॉटेल कंपनीसाठी मद्य घेणारे प्रवर्तक व्यक्तिशः जबाबदार ठरले. आपल्याकडे १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टनुसार, स्थापनेच्या अटींस धरून असलेला करार कंपनीने नोंदणीनंतर स्वीकारून समोरच्यास कळविला, तरच तो तिच्यावर बंधनकारक होतो. तोवर आपले घर-शेत पणास लागलेले असते. वैद्यबंधूंनो, निदानापूर्वी औषध नाही, तशी नोंदणीपूर्वी सही नको!