मोजणीच्या दिवशी पाड्यावर कोण असेल?

जनगणनेचे वेळापत्रक आता ठरले आहे. 2021 साली व्हायची मोजणी 2027च्या फेब्रुवारीत होईल आणि 1 मार्चच्या मध्यरात्रीचा क्षण तिचा संदर्भक्षण धरला जाईल. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात काम करणाऱ्या कुठल्याही आरोग्यसेविकेला विचारा, फेब्रुवारीत सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर कोण असते? म्हातारीकोतारी, त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडे आणि दारात जनावरे असल्यामुळे अडकून पडलेली काही घरे, एवढेच कितीतरी पाड्यांवर उरतात. भाताची, नागलीची कापणी-मळणी उरकली की हाती-पायी धड असलेली माणसे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जातात. कोणी वीटभट्ट्यांवर, कोणी सीमेपलीकडे गुजरातेत. ती परततात शिमग्याला. 2027ची होळी 22 मार्चच्या सुमारास आहे, म्हणजे मोजणी संपल्यावर तीन आठवड्यांनी.

जनगणनेचा नियम असा की मोजणीच्या संपूर्ण काळात जो आपल्या घरी नसतो, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे होते. सुरगाण्याची माणसे त्यामुळे निफाडच्या लोकसंख्येत जमा होतील. बांधावरच्या पालापर्यंत प्रगणक पोहोचला नाही, तर ती कुठेच जमा होणार नाहीत. आश्रमशाळेतली मुलेही आपल्या गावात न मोजता जिथे शाळा आहे तिथे मोजली जातील.

आपल्यापैकी अनेकांना हे महसूल खात्याचे काम वाटते. तसे ते नाही. आदिवासी आणि डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र, 20,000ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, 80,000ला एक ग्रामीण रुग्णालय, या निकषांवर आपली पदे, औषधे आणि इमारती ठरतात. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना मिळणारा आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधीही लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो. फेब्रुवारीत गैरहजर असलेल्या माणसांचा तोटा त्या गावाला पुढची दहा वर्षे सोसावा लागतो. आणि पावसाळ्यात, जेव्हा सगळे घरी असतात, नदी-ओहोळ भरून वाहतात आणि साथी येतात, तेव्हा आरोग्य केंद्रावर येणारा भार मात्र खऱ्या लोकसंख्येचा असतो.

2011च्या आकड्यांवर आपण आजही काम चालवतो आहोत. त्या वर्षी जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाखांवर होती आणि त्यात अनुसूचित जमातींची माणसे 15 लाख 64 हजारांच्या आसपास. राज्यातल्या दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात तेव्हा एवढे आदिवासी नव्हते. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकात, आदिवासी विकास महामंडळाचे मुख्यालय नाशकात. तरीही नाशिक म्हटले की राज्याच्या डोळ्यांपुढे द्राक्षे, कुंभमेळा आणि कारखाने येतात. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत दर दहांतली नऊपेक्षा जास्त माणसे आदिवासी आहेत, येवला-निफाडकडे हे प्रमाण झपाट्याने उतरते, आणि या सगळ्यांची सरासरी काढून आपण तिला जिल्ह्याची स्थिती म्हणतो. राज्याची साक्षरता तेव्हा 82.3 टक्के होती, राज्यातल्या आदिवासींची 65.7. अशी दरी ज्या सरासरीत बुजून जाते, ती सरासरी पाहून पेठच्या डोंगरातल्या पाड्यासाठी काय नियोजन करणार?

सरासरीत चांगलेही बुजते, हे इथेच सांगायला हवे. 2011 साली महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या, आदिवासींमध्ये 977. मुलगी नको म्हणून गर्भातच संपवण्याचा रोग सधन, शिकलेल्या पट्ट्यांत जितका मुरला, तितका डोंगरात मुरला नाही. आदिवासी समाजाचा अहवाल लिहिताना फक्त उणिवांचे रकाने भरणाऱ्यांनी हा आकडा पहिल्या पानावर घ्यावा.

‘अनुसूचित जमाती’ हा एकच रकानाही पुरेसा नाही. कोकणा आणि महादेव कोळी समाजांत शिक्षक, सरकारी नोकर, आमदार झाले. अनेकांकडे थोडीफार जमीन आहे, वनहक्काचे दावे लावून धरण्याची ताकद आहे. 2018च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकऱ्यांत या डोंगरपट्ट्यातली माणसे मोठ्या संख्येने होती, आणि त्यांची मुख्य मागणी कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी ही होती. इगतपुरी-त्र्यंबकच्या कातकऱ्यांकडे बहुधा दावा लावण्यापुरतीही जमीन नसते. कातकरी ही केंद्राच्या यादीतली विशेष असुरक्षित जमात. 2022 साली इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांची लहान मुले मेंढ्या राखण्यासाठी नगर जिल्ह्यात कामाला बांधून दिल्याचे उघड झाले. त्यांतली एक मुलगी मरण पावली, तेव्हा कुठे बाकीच्यांचा शोध सुरू झाला. ही मुले कोणत्या अंगणवाडीच्या, कोणत्या शाळेच्या पटावर होती, आणि ती दिसेनाशी झाल्यावर आपल्यापैकी कोणी विचारले होते का? या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रत्येक खात्याला द्यावे लागेल.

आकडा कसा ठरतो याचे एक जुने उदाहरण या क्षेत्रात नव्याने आलेल्यांना माहीत असावे. 1971च्या जनगणनेत महाराष्ट्रातले आदिवासी साडेएकोणतीस लाख होते, 1981ला पावणेअठ्ठावन्न लाखांवर गेले. दहा वर्षांत कुठल्याही समाजात एवढे पाळणे हलत नाहीत. 1976च्या कायद्याने जमातींवरचे क्षेत्रबंधन उठले, पूर्वी यादीबाहेर राहिलेली माणसे यादीत आली आणि नामसाधर्म्याचा लाभ घेणारेही आत शिरले. त्या दशकातले आदिवासी जन्मदर, मृत्युदर किंवा साक्षरता यांची तुलना डोळे झाकून करणारे प्रबंध अजूनही आमच्याकडे छापायला येतात.

छेद चुकला की आपले रोजचे आकडेही फसवतात. कुपोषणाचे प्रमाण आपण वजन घेतलेल्या बालकांवर काढतो. ऑक्टोबरात सॅम-मॅममध्ये नोंदलेली मुले डिसेंबरात आईबापांबरोबर बागेवर गेली की वजनाच्या यादीतून गळतात आणि फेब्रुवारीच्या अहवालात त्या अंगणवाडीची टक्केवारी सुधारलेली दिसू शकते. मूल सुधारलेले नसते.

ते असते दिंडोरीकडच्या एखाद्या बागेच्या कडेला. प्लॅस्टिकचा कागद टाकून केलेले पाल, तीन दगडांची चूल, बागेच्या मांडवाच्या अँगलला साडीची झोळी बांधलेली. आई दिवसभर हात वर करून मण्यांची विरळणी करते, घड डिपिंगच्या औषधात बुडवते, आणि त्याच हातांनी बाळाला पाजते. तिचे माता-बाल संरक्षण कार्ड सासूजवळ पेटीत आहे. इथल्या आशाताईच्या यादीत हे पाल नाही, कारण तिची यादी गावातल्या घरांची. तिकडच्या आशाताईच्या वहीत हिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ एवढेच लिहिले आहे. कुठे, कोणाबरोबर, कधीपर्यंत, काही नाही. वास्तविक मुकादमाचे नाव आणि बागेचे गाव पाड्यावर सगळ्यांना ठाऊक असते. स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणक प्रणाली महिला व बालविकास विभागाने आणली आहे, पण हा तपशील विचारून भरल्याशिवाय ती काय शोधून देणार?

म्हणून आमचा आग्रह अगदी नेमका आहे. पश्चिम तालुक्यांतल्या प्रत्येक उपकेंद्राने गावनिहाय यादी मोडून पाडानिहाय करावी आणि ती वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि फेब्रुवारीत, पडताळावी. प्रत्येक कुटुंबापुढे जमातीचे नाव लिहावे. ‘स्थलांतरित’ लिहिताना जिथे गेले ते गाव, मुकादम आणि सोबतच्या सहा वर्षांखालील मुलांची नावे लिहावीत, आणि ती यादी नोव्हेंबरअखेर निफाड, दिंडोरी, चांदवडच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाती द्यावी. त्यांनी ती लसीकरणाला वापरावी आणि जानेवारीत तहसीलदारांकडे पोहोचवावी, म्हणजे प्रगणकाला कोणत्या बागेत किती पाले आहेत हे आधी कळेल. मोजले कुठेही जावोत, माणसे सुटता कामा नयेत. ऑगस्टच्या याद्या हाताशी असतील, तर सुरगाणा-पेठच्या ग्रामसभांना जनगणनेचा आकडा आल्यावर पुराव्यानिशी सांगता येईल की आमच्या गावात पावसाळ्यात एवढी माणसे राहतात आणि उपकेंद्र त्या हिशेबाने हवे.

ज्या उपकेंद्रांनी अशी यादी आधीच केली आहे त्यांनी तिचा नमुना, माणसांची नावे झाकून, आमच्याकडे पाठवावा. पुढच्या अंकापासून दर महिन्याला एक नमुना आम्ही पूर्ण पानावर छापू.