वाट कुणाच्या बापाची?



शिरढोण म्हटलं की वासुदेव बळवंत फडके. १८४५ साली ते इथं जन्मले. १८७९ च्या बंडात त्यांच्यासंगं रान तुडवणारे रामोशी मात्र पुस्तकाच्या एका ओळीत मावतात. वाट दाखवणाऱ्याचा पुतळा होत नसतो!

आज सवाल त्याच रानातल्या वाटेचा आहे. शिरढोणच्या पुढं कर्नाळा, १९६८ पासून अभयारण्य. तिकीट काढा, पायवाटेनं चाला, पक्षी बघा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तर सायकलही भाड्यानं मिळते. आता डोंगरात हाणायच्या जाड चाकाच्या सायकली आल्यात. त्यांच्यासाठी जंगलात, सागाच्या लागवडीत वाटा पाहिजेत म्हणणारे आहेत.

आमचा विरोध? बिलकूल नाही. आमच्या पोरांनीही डोंगर चढावा, सायकल हाणावी, उगाच हिंडावं. डोंगरात जायचं तर डोक्यावर मोळीच पाहिजे, असं कुठल्या स्मृतीत लिहिलंय?

पण एका वाटेला दोन कायदे कसे? पाठीवर पिशवी असली की निसर्गप्रेमी, डोक्यावर मोळी असली की चोर! १९२७ चा वन कायदा काढून बघा. कलम २६ : राखीव जंगलात बिनपरवाना शिरणं गुन्हा. कलम २५ : सरकारच्या मंजुरीनं वनाधिकारी जुनी वाट बंद करू शकतो, फक्त बदली सोयीची वाट पाहिजे. सोयीची कुणाला? तेही सरकारच ठरवणार. मोळीखाली मान मोडणाऱ्या कातकरणीला कोण विचारतो!

त्याच १९२७ साली, याच जिल्ह्यात, महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. २५ सप्टेंबर १९३० ला इथून जवळच, चिरनेरला, लोक जंगल सत्याग्रहाला डोंगरात गेले. गोळ्या झाडल्या. मेलेल्यांत नाग्या कातकरी होता. दोन वर्षांनी, १९३२ ला, विलायतेत मँचेस्टरकडचे कामगार जमीनदारांनी अडवलेल्या किंडर स्काउटच्या डोंगरावर घुसले. पाचजण तुरुंगात गेले. गुन्हा काय? चालले! स्कॉटलंडात २००३ च्या कायद्यानं रानात पायी, सायकलीवर जायचा हक्क सगळ्यांना दिला. लाकूडतोड चालू असली की तेवढा भाग बंद, तोड संपली की वाट खुली. तिथं लाकडाचा धंदा बुडाला नाही.

आणि आपल्याकडं? १९७४ ला वन विकास महामंडळ निघालं. मिश्र रान तोडायचं, साग लावायचा, विकायचा. मोह गेला, कंद गेले, पाल्याची औषधं गेली. सागाच्या रांगा उरल्या. आता त्या रांगांतून सहलीच्या वाटा काढणार असाल तर आमचं म्हणणं ऐका.

एक : वाट आखण्याआधी २००६ च्या वनहक्क कायद्यानं मिळायचे दावे निकालात काढा. ग्रामसभेला विचारा.
दोन : पाड्याच्या माणसाला तिकीट नाही.
तीन : वाट खणणारा, झाडणारा, दाखवणारा त्याच पाड्याचा, त्याला पुरी मजुरी, आणि गल्ल्यात वाटा.
चार : तोडीसाठी वाट बंद केली तर बदली वाट आधी, मोळीवालीचीही, सायकलवाल्याचीही.

घटनेचं कलम १५ सांगतं, सरकारी पैशातल्या विहिरी, तळी, रस्ते, सार्वजनिक जागा जातीवरून कुणाला अडवणार नाहीत. कागदावर आमची जात कुणी लिहीत नाही आता. तिकिटाच्या खिडकीवर, गार्डाच्या नजरेत ती बरोबर वाचली जाते.

पोरांनो, रविवारी डोंगरात जा. कातकरवाडीवरनं जा. कोण अडवतं, कोणत्या कलमानं अडवतं, लिहून आणा. तळं खुलं झालं ते पाण्यापर्यंत चालत गेल्यावरच.

जय भीम!