किनाऱ्यावर वादळ संपते, मराठवाड्यात नाही

चक्रीवादळ म्हटले की मराठवाड्यातील वाचकाच्या डोळ्यांपुढे कोकण येते. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. त्याआधी नोव्हेंबर 2009 मध्ये ‘फयान’ने तेथील मच्छीमारांना झोडपले होते. ‘गुलाब’ची गोष्ट मात्र निराळी.

बंगालच्या उपसागरातील हे वादळ 26 सप्टेंबर 2021 रोजी आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागले. जमिनीवर येताच समुद्राची वाफ मिळेनाशी होते व वाऱ्याचा जोर ओसरतो. तसा तो ओसरलाही. कागदोपत्री वादळ संपले. परंतु उरलेले कमी दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकत राहिले आणि 27-28 सप्टेंबरला मराठवाड्यावर अक्षरशः आभाळ फाटले. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, नदीकाठी अडकलेल्यांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टर आले. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. पुढे हेच अवशेष अरबी समुद्रात पोहोचून ‘शाहीन’ झाले व 3 ऑक्टोबरला ओमानवर धडकले!

वादळाचा मार्ग आधी वर्तविण्यात भारतीय हवामानशास्त्र विभागाने मोठी मजल मारली आहे, हे मान्यच. पण वादळाची वर्गवारी ठरते वाऱ्याच्या वेगावरून, पावसावरून नव्हे. ‘तीव्रता घटली’ ही बातमी विशाखापट्टणमला दिलासा देते. अंबाजोगाईच्या शेतकऱ्याने मात्र ती ऐकून सोयाबीनची सुडी झाकण्याची घाई करायला हवी आणि धरणावरच्या अभियंत्याने विसर्गाचा हिशेब मांडायला. इशाऱ्याची भाषा त्यांना तसे सांगत नाही.