मोडीचा भाव

दिवाळीची झाडलोट निघाली की आमच्या हिंगोलीत आजीची समई आणि अडकित्ता मोडीत जातात. तराजूत पितळ चढते, घरात स्टील येते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी असलेच दिवे, असलेच अडकित्ते गावोगाव हिंडून जमवले. हा कोणी संस्थानिक नव्हे. ‘अज्ञातवासी’ नावाने लिहिणारा कवी! बाळपणीच गेलेल्या लेकाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ साली सारे सरकारच्या हवाली केले.

आणि आम्ही मास्तर? पोरांची सहल तिथे नेतो, तिकीट काढतो, काचेआडचा अडकित्ता पाहून ‘वा, काय कारागिरी!’ म्हणतो. मग घरचा किलोवर का विकला? वाचकहो, यंदा समई चिंचेने घासा, तेल घाला, लावा. मोडवाला उपाशी मरणार नाही.