बदकाला संधी नसेल, तर ती शिकार नव्हे

दिवाळी सरली की आपल्याकडच्या पाण्यांवर लांबून पाखरं उतरू लागतात. कोल्हापूरचे रंकाळा, कळंबा, राजाराम तलाव, शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या पाणथळी, गावोगावचे पाझर तलाव. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक शिमग्यापर्यंत इथं मुक्काम करतात. अडई, हळदकुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी ही तर बारा महिने आपलीच. आणि याच दिवसांत कुणीतरी काठाला जाळं लावतं, कुणी एअरगन घेऊन बांधाआड बसतं, कुणी विष लावलेले दाणे टाकतं. चार पाखरं मिळतात, रस्सा होतो, मोबाईलवर फोटो फिरतात. हे थांबवा, एवढं सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून लहान शिकार करायची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती वाट बंद झाली. म्हणजे घरातली बंदूक परवान्याची असेल, पण हौसेखातर तिनं बदक मारायचा परवाना आज कुणाकडेही नाही. आणि कायद्याच्या लेखी शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. विष घालणं, पकडणं, फास किंवा जाळं लावणं, हाकारा घालणं, आमिष टाकणं ही शिकारच. नुसता प्रयत्न केला तरी ती शिकार. पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही त्यातच आलं. या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अभयारण्यात केला तर शिक्षा याहून कडक.

पण नुसत्या भीतीनं माणूस बदलत नाही. कुणी बघत नाही असं वाटलं की भीती संपते. म्हणून पुढचं सगळं शिकाऱ्याच्याच हिशोबानं सांगतो.

शिकार कोल्हापूरला नवी नाही. राजर्षी शाहू महाराज स्वतः मोठे शिकारी होते. घोडा घालून भाल्यानं रानडुक्कर मारण्याचा त्यांना शौक होता. चित्ते पाळून काळविटाची शिकार करणाऱ्या देशातल्या शेवटच्या संस्थानांत कोल्हापूरचं नाव घेतलं जातं. दाजीपूरचं जंगल हे संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं. या इतिहासाची लाज वाटायचं कारण नाही, पण त्यातून काय घ्यायचं ते मात्र नीट पाहिलं पाहिजे. भाला घेऊन डुकरामागे जाणाऱ्याचा स्वतःचा जीवही पणाला लागलेला असे. घोडा अडखळला तर डुकराचा सुळा ठरलेला. जनावराला पळायला रान होतं, उलटायला दात होते. शिकारीतली मर्दुमकी म्हणतात ती याच्यातच होती.

पाणपक्ष्यांच्या शिकारीलाही जुन्या जाणत्यांचे नियम होते. बसलेल्या पाखरावर बार टाकायचा नाही, उडाल्यावरच नेम धरायचा. टप्प्याबाहेरचं पाखरू सोडून द्यायचं. जखमी झालेलं शोधल्याशिवाय पाण्यावरून हलायचं नाही. विणीच्या दिवसांत बंदूक खुंटीला. खाण्यापुरतंच मारायचं. अमेरिकेत, जिथं आजही परवान्यानं बदकं मारतात, तिथं असे नियम थेट कायद्यात उतरले. १९३५ पासून तिथं बदकांच्या शिकारीत बंदुकीत तीनच काडतुसं भरता येतात. दाणे टाकून बदकं जमवणं आणि पाळीव बदकं बांधून रानबदकांना भुलवणं, दोन्हीवर तेव्हापासून बंदी आहे. हे शहाणपण त्यांना ठेच लागून आलं. ज्यांच्या थव्यांनी एके काळी आभाळ झाकोळायचं ती तिथली प्रवासी कबुतरं माणसानं इतकी मारली, की १९१४ मध्ये त्यांतलं शेवटचं एक पिंजऱ्यात मेलं आणि जातच संपली.

नियम असले तरी हाव सुटत नाही, हेही आपल्याच देशानं पाहिलं आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुण्यांनी एका दिवसात ४,२७३ पाखरं पाडली. खाण्यापुरतं मारायचं, या नियमाचं तिथं काहीच उरलं नव्हतं. त्याच भरतपूरला पुढे शिकार थांबली, राष्ट्रीय उद्यान झालं, आणि आज लोक तिथं दुर्बीण घेऊन जातात. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या गुलाबी डोक्याच्या बदकाचं नशीब मात्र तेवढं नव्हतं. दलदली गेल्या, बंदुका वाढल्या, आणि गेल्या शतकाच्या मध्यानंतर ते पाहिल्याची खात्रीची नोंद नाही.

आता आपल्या तळ्याकडे या. आज कुणी म्हणेल, मी जुने सगळे नियम पाळून शिकार करतो, तर मी म्हणेन, आज ते पाळणं शक्यच नाही. कारण पाखराला संधी मिळेल असं पाणीच उरलेलं नाही. काठ बांधून काढले, दलदली बुजवल्या, उरलेल्या पाण्यावर केंदाळ माजलं आणि सांडपाणी आलं. पूर्वी बार झाला की थवा शेजारच्या पाण्यावर जायचा. आता शेजारचं पाणी कुठं आहे? पुन्हा त्याच तळ्यावर घिरट्या घालून उतरावं लागतं, आणि तिथं बंदूक बसलेलीच असते.

येणारी पाखरंही काही फिरायला आलेली नसतात. पट्टकादंब हंस मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून महाराष्ट्रात उतरतो. अंगावर यंत्र बसवून त्याची उंची मोजली, तेव्हा ती ७,२०० मीटरच्या वर भरली. इतकं उडून आलेल्या पाखराला इथं दोनच गोष्टी हव्या असतात: पोटभर चारा आणि निवांत पाणी. अंगावर चरबी धरली तरच ते उन्हाळ्याआधी परत पोचतं आणि अंडी घालतं. एक बार झाला की एक पाखरू मरतं, पण अख्खा थवा उठतो आणि गोळा केलेली ताकद जाळतो. हे रोज व्हायला लागलं, तर मेलेल्या पाखरांच्या हिशोबात न दिसणारी किती पाखरं वाटेत पडत असतील, याचा विचार करा.

आणि जखमी पाखराचं काय होतं, तेही ऐका. एअरगनची गोळी बारीक असते. बदकाची दाट पिसं भेदून ती पोटात रुतते किंवा पंखाचं हाड मोडते, पाखरू जागेवर क्वचितच मरतं. ते बुडी मारतं आणि केंदाळाखाली शिरतं. मोडका पंख पाण्यावर लोंबत राहतो, अंग दडवून चोच तेवढी वर काढून ते श्वास घेतं. काठावरचा म्हणतो, नेम चुकला, आणि घरी जातो. पाखरू दोन-तीन दिवस त्या केंदाळात कण्हत मरतं. छऱ्यांच्या बंदुकीनं तर थव्यातलं एक पडतं आणि आणखी काही अंगात छरे घेऊन उडून जातात. चिखलात पडलेले शिशाचे छरेही गप्प बसत नाहीत. बदकाला दात नसतात, पोटातल्या मांसल पिशवीत दाणे दळायला ते खडे गिळतं, आणि खड्यांबरोबर छरेही गिळतं. ते शिसं रक्तात उतरतं. याच कारणानं अमेरिकेनं १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे बंद केले.

रात्री लावलेलं नायलॉनचं जाळं आणि विषाचे दाणे यांना तर कुठलाच शिकारी शिकार म्हणणार नाही. जाळ्याला बदक, बगळा, घुबड, सगळं सारखं. विष लावलेला दाणा खाल्लेलं पाखरू तुम्ही रांधता, तेव्हा ते विष तुमच्या पोरांच्या ताटातही येऊ शकतं.

म्हणून जे आजवर जात होते, त्यांना हात जोडून विनंती आहे. तुम्हाला पाणी कळतं, वारा कळतो, पाखरू कुठं उतरणार आणि कधी उठणार ते कळतं. हे ज्ञान पुस्तक वाचून येत नाही. ते वाया घालवू नका, बाजू बदला. ओडिशात चिल्का सरोवराच्या काठावर मंगलाजोडी नावाचं गाव आहे. एके काळी तिथली माणसं पाखरं मारून विकायची. तीच माणसं आज पाहुण्यांना होडीतून पाखरं दाखवतात आणि पाणथळीवर पहारा देतात. आपल्याकडे तर याचा धडा शंभर वर्षांपूर्वीच घालून दिलेला आहे. ज्या फासेपारध्यांना सरकार जन्मानं गुन्हेगार ठरवत होतं, त्यांना शाहू महाराजांनी आसरा दिला आणि पहाऱ्याचं काम दिलं. म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो: कुठं जाळं सापडलं की कुणा एका समाजाकडे बोट दाखवू नका. शिकारीची हौस गाडीतून येणाऱ्यांनाही असते.

घरातल्या मंडळींनो, तुमच्या हातात सगळ्यात मोठी ताकद आहे. रानातलं पाखरू घरात आलं तर चूल पेटवू नका. मटण-चिकनला कोल्हापुरात तोटा नाही. रानपाखराचं मांस विकत घेणं, जवळ ठेवणं हाही गुन्हाच आहे. पोरांच्या हातात पाखरं मारायला बेचकी किंवा एअरगन देऊ नका. मासेमारी करणाऱ्यांनो, जाळ्यात टिबुकली किंवा पाणकावळा अडकला, तर जिवंत असताना सोडवा, थोडा दोरा कापावा लागला तरी चालेल. शेतकरी दादांनो, पावसाळ्यात बांधावरच्या गवतात हळदकुंकू बदक अंडी घालतं. तेवढा एक तुकडा दोन महिने तसाच राहू द्या.

जाळं, फास किंवा बंदूक दिसली, तर स्वतः अंगावर जाऊ नका, मारहाण तर मुळीच नको. जागा आणि वेळ टिपून ठेवा, जमल्यास लांबून फोटो घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आणि एक काम सगळ्यांनी मिळून करायचं आहे. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या. भरतपूरला ४,२७३ पाखरं पडली तो दिवसही १२ नोव्हेंबरच. तेव्हा या आठवड्यात आपल्या गावच्या पाण्यावर जा, पाखरं मोजा, वहीत लिहून ठेवा, दर वर्षी लिहा. पुढच्या ग्रामसभेत एका ओळीचा ठराव मांडा: आमच्या हद्दीतल्या पाण्यावर पाखराची शिकार होणार नाही, आणि करणाऱ्याला गाव पाठीशी घालणार नाही. ठरावाखाली पहिली सही गावातल्या जुन्या शिकाऱ्याची घ्या. त्याच्या सहीला जे वजन येईल, ते वनविभागाच्या कुठल्याही फलकाला येणार नाही.