खासगी अग्निबाणाचा जमाखर्च

६ फेब्रुवारी २०१८ रोजी दुपारी पावणेचार वाजता फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून ‘फाल्कन हेवी’ हा अग्निबाण प्रथमच झेपावला, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून सव्वादोन वाजले होते. सत्तावीस इंजिने एकाच वेळी पेटली आणि सुमारे तेवीसशे टनांच्या रेट्याने सत्तर मीटर उंचीचा तो डोलारा वर उचलला गेला. आठच मिनिटांनी त्याच्या बाजूचे दोन बूस्टर माघारी वळून, जुळ्या भावांप्रमाणे, जवळजवळ एकाच क्षणी जमिनीवर उभे उतरले. ते दृश्य विलक्षण होते, याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्या दृश्यातून काढल्या गेलेल्या निष्कर्षाशी. ‘सरकारला जे साधले नाही ते खासगी उद्योगाने करून दाखविले’ हे वाक्य त्या दिवसापासून इतक्यांनी इतक्या वेळा उच्चारले आहे की, त्याला पुरावा मागणेही आता असभ्यपणाचे वाटू लागले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हे वाक्य ‘नरो वा कुंजरो वा’ या जातीचे आहे. त्याचा अर्धा भाग मोठ्याने म्हटला जातो, उरलेला शंखध्वनीत बुडतो.

प्रथम मोठ्याने म्हटला जाणारा भाग पाहू. कारण तो खरा आहे. एलॉन मस्क यांनी २००२ साली स्थापन केलेल्या स्पेसएक्स या कंपनीने हा अग्निबाण बांधला. त्यासाठी पन्नास कोटी डॉलरांहून अधिक खर्च आल्याचे आणि तो कंपनीनेच सोसल्याचे तिने सांगितले. एका उड्डाणाचा दर नऊ कोटी डॉलर जाहीर झाला. त्या वेळच्या ‘डेल्टा फोर हेवी’ या प्रतिस्पर्ध्याचा दर याच्या कित्येक पटींनी अधिक होता. त्याआधीचा ‘फाल्कन ९’ हा अग्निबाण जुन्या सरकारी रीतीने घडविला असता तर सुमारे चारशे कोटी डॉलर लागले असते, असा अंदाज नासाने २०११ मध्ये मांडला. कंपनीने ते काम सुमारे तीस कोटींत केले होते. काटकसर, धाडस आणि वापरलेला अग्निबाण पुन्हा वापरण्याची जिद्द यांचे श्रेय कंपनीचे आहे. ते नाकारणारा टीकाकार आमच्या पंक्तीला नको.

आता शंखध्वनीत बुडालेला भाग. ज्या ३९-ए क्रमांकाच्या तळावरून हे उड्डाण झाले, तो तळ अमेरिकी जनतेच्या पैशाने उभा राहिला. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी याच तळावरून ‘सॅटर्न ५’चे पहिले उड्डाण झाले होते आणि पृथ्वीभोवतीच्या निकटच्या कक्षेत ओझे नेण्याची त्याची क्षमता ‘फाल्कन हेवी’च्या सुमारे दुप्पट होती. म्हणजे ‘सरकारला साधले नाही’ असे जे म्हटले जाते, ते सरकारने त्याच जागी पन्नास वर्षांपूर्वी साधले होते. १९६९ च्या जुलैत चंद्रावर उतरणारी माणसे येथूनच निघाली. २०११ साली शेवटचे स्पेस शटल उडाले आणि २०१४ मध्ये नासाने हा तळ कंपनीला वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. अग्निबाण उभा उतरविण्याची कल्पनाही त्या दिवशी जन्मली नाही. ‘डीसी-एक्स’ नावाचे प्रायोगिक यान १९९३ साली न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सरकारी पैशाने तसे उतरविले गेले होते. ‘फाल्कन’च्या मर्लिन इंजिनात इंधन आणि प्राणवायू मिसळण्याची जी पद्धत आहे, त्याच जातीची पद्धत अपोलोच्या माणसांना चंद्रावर उतरविणाऱ्या इंजिनात होती.

राहिला पैसा. कंपनीचा पहिला अग्निबाण २००६, २००७ आणि २००८ मध्ये ओळीने तीनदा अपयशी ठरला. चौथा सप्टेंबर २००८ मध्ये कक्षेत पोहोचला. तोवर कंपनीची तिजोरी रिकामी होत आली होती, हे खुद्द मस्क यांनीच अनेकदा सांगितले आहे. त्याच वर्षी नाताळाच्या तोंडावर नासाने अवकाशस्थानकाला माल पोहोचविण्याच्या बारा फेऱ्यांसाठी एकशे साठ कोटी डॉलरांचे कंत्राट दिले आणि कंपनी तगली. मस्क यांनी नासाचे हे ऋण जाहीरपणे मान्य केले आहे. विसर पडला आहे तो त्यांच्या भक्तांना.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. कंत्राट म्हणजे देणगी नव्हे. नासा केवळ ग्राहक होती. भाजी विकत घेतली म्हणून मळा काही आपला होत नाही. आक्षेप बिनतोड दिसतो, पण ज्या ग्राहकाने पीक येण्याआधी बियाण्याला पैसे दिले, विहीर दिली, बांधावरची वाट दिली, शेतकीचे ज्ञान दिले आणि तीन हंगाम बुडाल्यावरही पुढच्या बारा पिकांची खरेदी कबूल केली, त्याला बाजारातल्या वाटसरूच्या रांगेत बसविता येणार नाही. ठरलेल्या टप्प्याला ठरलेले पैसे देऊन खासगी कंपन्यांकडून काम करून घेण्याचे धोरणही सरकारनेच २००६ पासून आखले होते. ते धोरण यशस्वी झाले, हा त्या उड्डाणाचा खरा निष्कर्ष होय. त्याऐवजी सरकारचा पराभव झाला, असा निष्कर्ष काढणे म्हणजे जमेच्या बाजूची नोंद खर्चाच्या बाजूला टाकणे.

‘खासगी’ या शब्दाचा अर्थ आपल्यासारख्या संस्थानी मुलखांत वाढलेल्या मराठी घरांना तरी नव्याने सांगायला नको. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाई होळकरांच्या नावे खासगीची जहागीर दिली, तेव्हापासून इंदूरच्या दरबारात ‘खासगी’ आणि ‘दौलत’ ही दोन खाती निराळी होती. बडोद्याच्या गायकवाडांकडेही ‘खानगी’ कारभार वेगळा असे. अहिल्याबाईंनी काशीपासून देशभर घाट-मंदिरे बांधली ती या खासगीतून, अशी त्यांची ख्याती आहे. खासगीचा पैसा लोकांच्या कामी गेला आणि खाते कोणते, हे स्पष्ट राहिले. फ्लोरिडात लोकांचे धन खासगी नावाच्या उभारणीस लागले. यातही गैर काही नाही. गैर आहे ते दोन खाती एक करून त्यावर एकच नाव कोरणे.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. ज्याचा वाटा नोंदला जात नाही, त्याचा विचारण्याचा हक्कही जातो. त्या दिवशी जगाने जे पाहिले ते कंपनीच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातून पाहिले. जुळे बूस्टर उतरताना पुनःपुन्हा दिसले. मस्क यांची लाल मोटार आणि तिच्यात बसविलेला अवकाशवीराच्या पोशाखातील पुतळा तासन्‌तास दिसला. मधला मुख्य भाग मात्र समुद्रातल्या तरफ्यावर उतरणार होता, त्याचे चित्र नेमक्या वेळी तुटले. इंजिने पेटविणारे द्रव्य कमी पडल्याने तो तरफ्यापासून सुमारे शंभर मीटरवर पाण्यात आदळला, हे काही तासांनंतर पत्रकार परिषदेत कळले. निर्मनुष्य चाचणीत एवढे चालून जाईल. पण १९८६ साली ‘चॅलेंजर’ यान सात जणांसह नष्ट झाले तेव्हा अध्यक्षांनी आयोग नेमला, जाहीर सुनावण्या झाल्या आणि रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दोष कोठे होता ते सर्वांदेखत दाखविले. २०१५ च्या जूनमध्ये अवकाशस्थानकाचा सरकारी माल घेऊन निघालेला ‘फाल्कन ९’ फुटला, तेव्हा चौकशीची सूत्रे मुख्यतः कंपनीच्याच हाती होती. नासाच्या स्वतंत्र तपासणीचा सारांश लोकांपुढे यायला २०१८ चा मार्च उजाडला. वाटेकऱ्याचा प्रेक्षक झाला की असे होते. प्रेक्षकाला टाळी वाजविता येते, हिशेब मागता येत नाही.

हा प्रश्न आता फ्लोरिडापुरता उरलेला नाही. भारताने २०२० साली अवकाशक्षेत्र खासगी उद्योगांना खुले केले. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचा ‘विक्रम-एस’ १८ नोव्हेंबर २०२२ रोजी उडाला तो इस्रोच्या श्रीहरिकोट्यावरून. त्या तरुणांचे कौतुक हातचे न राखता करावे. परंतु आपल्याकडे उलट दिशेचा अन्यायही झाला आहे. वालचंदनगरच्या कारखान्याने इस्रोच्या अग्निबाणांची कवचे घडविली, विक्रोळीच्या गोदरेजने ‘विकास’ इंजिने बांधली आणि सामान्य नागरिकाला त्यांची नावेही ठाऊक नाहीत. तिकडे सरकारी हात झाकला गेला, इकडे खासगी. दोन्हीकडे वही अपुरीच.

म्हणून मागणी साधी आहे. खासगी अग्निबाण अवश्य उडावेत. सरकारने त्यांना तळ द्यावेत, ज्ञान द्यावे, कामेही द्यावीत. मात्र कोणी काय दिले याची नोंद उघड्या वहीत असावी आणि लोकांचा माल किंवा लोकांचा माणूस घेऊन निघालेले यान पडले, तर चौकशी लोकांसमोर व्हावी. ‘फाल्कन हेवी’ने २०२३ मध्ये ‘सायकी’ आणि २०२४ मध्ये ‘युरोपा क्लिपर’ ही नासाची याने दूरच्या प्रवासाला धाडली. सरकारचे यान आणि कंपनीचा अग्निबाण एकाच तळावरून एकत्र निघाले. त्या दोघांना एकमेकांचे देणेघेणे नीट ठाऊक आहे. आकाशाकडे पाहणाऱ्यांनीही ते ठाऊक करून घ्यावे; कारण त्या वहीतील एक नाव त्यांचे आहे.